कोकणातले घर पावसाळाभर बंद ठेवताना: मेअखेरपासून गणपतीपर्यंतची तयारी

मे महिना संपता संपता मुंबई-पुण्याला परतणाऱ्या चाकरमान्यांचे गावचे घर पुन्हा उघडते ते गणपतीच्या दोन-चार दिवस आधी. मधल्या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाचा बहुतांश पाऊस, म्हणजे सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि घाटाच्या पायथ्याला त्याहूनही अधिक, पडून गेलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता (म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते) आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांखाली फारशी उतरत नाही, आणि तापमान मात्र २५ ते ३० अंशांच्या दरम्यान उबदारच राहते. बुरशी, वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगे यांना याहून सोयीचे हवामान मिळणे कठीण आहे.

घर बंद करताना बहुतेकांचे लक्ष कड्या-कुलपांकडे असते. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावणे, कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकणे, गाद्यांवर प्लास्टिक चढवणे अशी कामे मन लावून केली जातात आणि तरीही भाद्रपदात दार उघडताच कुबट वास अंगावर येतो. याचे कारण असे की बंद घर बिघडते ते मुख्यतः दोन गोष्टींनी: छपरातून किंवा भिंतीतून शिरलेले पाणी पाहायला कोणी नसते, आणि आतली हवा ना हलते ना तापते. या लेखातील सगळी खटपट या दोन गोष्टींभोवतीच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचे, कौलारू छपराचे घर डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या सांगितल्या आहेत; स्लॅबच्या घरासाठी आणि फ्लॅटसाठी जे वेगळे करावे लागते ते पुढे थोडक्यात दिले आहे.

चूल बंद झाली की काय होते

पूर्वी याच घरांत चार महिने दिवसातून दोन वेळा चूल पेटत असे. तिची ऊब वासे-रिपांपर्यंत पोचे, धुराने लाकूड काळे पडे आणि त्या काळ्या थरामुळे भुंगा सहसा शिरत नसे. उष्णतेचा हिशेब साधा आहे. २७ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा, तिच्यातली वाफ तेवढीच ठेवून, ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. एखाद्या पृष्ठभागालगत आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर सतत काही दिवस राहिली की तिथे बुरशी धरते. म्हणजे अवघ्या पाच अंशांच्या उबेने घर धोक्याच्या रेषेखाली येते. नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून हे साधत नाही, कारण जुलैच्या पावसात बाहेरची हवाही तितकीच ओली असते. म्हणून पावसाळ्यात पंधरवड्याने एकदा कोणीतरी येऊन घर उघडणे आणि शक्य असल्यास चूल पेटवणे, याची बरोबरी बाजारातली कोणतीही ओल शोषणारी पुडी करू शकत नाही.

छप्पर: एप्रिलअखेर ते मेचा मध्य

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खर्च करायचा तो छपरावर. मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो असे गृहीत धरून कौले परतण्याचे (काढून, साफ करून पुन्हा नीट बसवण्याचे) काम मेअखेरपर्यंत लांबवणे अलीकडे महाग पडू लागले आहे. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यावरच कोकण किनाऱ्यालगतून गेले, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता. शिवाय १५ मेनंतर गावातला प्रत्येक जण त्याच दोन-तीन कामगारांच्या मागे असतो. कामगाराशी बोलणे एप्रिलमध्येच करून ठेवावे.

कामगार वर चढण्यापूर्वी घरमालकाने स्वतः खालून पाहणी करावी. भर दुपारी बारा-एकच्या सुमारास सर्व दारे-खिडक्या लावून घरात अंधार करावा, माळ्यावर चढावे आणि डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे. कौल सरकले असेल तिथे उजेडाची रेघ दिसते, तडकले असेल तिथे केसासारखी बारीक तिरीप येते आणि छिद्र असेल तिथे जमिनीवर गोल कवडसा पडतो. त्या प्रत्येक जागेखालच्या वाशावर खडूने खूण करावी. त्यानंतर दोन छपरे जिथे मिळतात त्या पन्हळीखालचे वासे आणि वाशांची भिंतीवर टेकलेली टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. चांगल्या लाकडात टोक शिरत नाही. कुजलेल्या लाकडात ते अर्धा इंच सहज जाते आणि काढताना काळसर, ओलसर भुसा बाहेर येतो. असा वासा ‘या वर्षी चालेल’ म्हणून सोडू नये. खाली जमिनीवर पिवळसर, पिठासारखी पूड पडलेली असेल तर वर भुंगा लागलेला आहे असे समजावे.

कौले परतून घेताना तडकलेली सगळी बदलावीत, आढ्यावरच्या कोन्यांचे, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांचे, सिमेंट किंवा चुना फुटला असेल तर नव्याने भरावा आणि पन्हळीतला आंब्या-फणसाचा पाला पूर्ण काढावा. पाल्याने तुंबलेली पन्हळ एका मोठ्या सरीत भरते आणि पाणी कौलांखालून आत उतरते. घरात पाणी शिरल्याच्या कितीतरी तक्रारींत कौल शाबूत असते आणि दोष पन्हळीचा निघतो. त्याच मापाची पंधरा-वीस जादा कौले पडवीत रचून ठेवावीत, कारण माकडांचा कळप एकदा छपरावरून गेला तरी चार-दोन कौले जाणारच, आणि पावसात माप जुळवत फिरणे कोणालाच जमत नाही. छपरावर झुकलेल्या फांद्या, माडाची सुकलेली झावळे आणि पक्के नारळ उतरवून घ्यावेत. झाड शेजाऱ्याचे असेल तर आधी विचारावे. भावकीत फांदीवरून झालेली भांडणे छपराच्या गळतीपेक्षा जास्त काळ टिकतात.

संपूर्ण छपरावर निळी ताडपत्री अंथरण्याची पद्धत वाढली आहे, पण बंद घरासाठी ती मला पटत नाही. वाऱ्याने तिचा एक कोपरा सुटला की ती रात्रभर आपटत राहते आणि कौले हलवते. शिवाय कौलांच्या फटींतून होणारी हवेची ये-जा थांबल्याने तिच्याखालचे लाकूड वाळत नाही. गळती एका ठिकाणी असेल तर ती तिथेच दुरुस्त करावी. मेमध्ये वळवाची एखादी सर येऊन जाईपर्यंत घरी राहता आले तर उत्तम, कारण केलेल्या कामाची खरी परीक्षा तीच असते.

झड, पागोळ्या आणि जोते

कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराची पश्चिम आणि दक्षिण बाजू सगळ्यात जास्त भिजते. जांभा सच्छिद्र दगड आहे. गिलावा नसलेली किंवा गिलाव्याला तडे गेलेली भिंत दिवसेंदिवस झड झेलत राहिली की ओल आतल्या बाजूला उतरते. पडवीला आणि उघड्या भिंतीला माडाच्या झापांची किंवा पत्र्याची झडप बांधावी, मात्र ती भिंतीला चिकटवून नव्हे तर वीतभर अंतर ठेवून, म्हणजे मागची भिंत उघडीप मिळताच वाळू लागते. गिलाव्याचे तडे भरून भिंतीला बाहेरून चुना द्यावा.

पागोळ्यांचे पाणी जिथे पडते तिथून ते घरापासून दूर वाहून जायला हवे. जोत्यालगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करून घ्यावी, चर साफ करावा आणि पाणी शेवटी कुठे जाते ते बादलीभर पाणी ओतून पाहावे. भिंतीला टेकवून ठेवलेला लाकूडफाटा, करवंट्यांचा ढीग किंवा जुन्या रिपा हलवाव्यात. वाळवीला घरात शिरायला असा ढीग म्हणजे शिडीच असते, आणि फुरशासारखे सापही तिथेच आसरा घेतात. वाळवीच्या मातीच्या वाटा भिंतीवर किंवा खांबाच्या पायाशी दिसल्या तर त्या नुसत्या खरवडून उपयोग नसतो. परवानाधारक माणसाकडून जमिनीत औषध द्यावे लागते. चौकटींच्या खालच्या भागाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी पद्धत आजही कामाची आहे, परंतु ते तेल कातडीवर फोड आणते, त्यामुळे हातमोजे घालूनच लावावे.

आतले सामान

सामानाबाबत एकच नियम लक्षात ठेवावा: वस्तू एक तर पूर्ण कोरडी करून खरोखर हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर पूर्ण मोकळ्या हवेत ठेवावी. सगळ्यात जास्त नुकसान होते ते या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात कोंबलेली गोधडी आणि कापडाने झाकलेली, भिंतीला टेकलेली गादी ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत.

गोधड्या, चादरी, ब्लँकेटे आणि सतरंज्या मेच्या कडक उन्हात दोन दिवस उलटून-पालटून वाळवाव्यात आणि दुपारी तीनच्या आत, ऊन असतानाच, घट्ट झाकणाच्या आणि लोखंडी कड्याच्या प्लास्टिकच्या पिंपात भराव्यात. संध्याकाळपर्यंत अंगणात राहिलेला कपडा खाऱ्या वाऱ्याची ओल पुन्हा ओढून घेतो. पत्र्याची ट्रंक हवाबंद नसते. ती वापरायचीच असेल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचे तोंड बांधावे. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कसर दूर ठेवतात, पण बुरशी रोखत नाहीत. कापसाच्या गाद्या पिंपात मावत नाहीत, म्हणून त्या खाटेवर किंवा दोन खुर्च्यांवर उभ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या चारही बाजूंनी हवा खेळेल असे पाहावे.

कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे लहान, बंद कपाटात काही आठवडे काम देतात. त्यानंतर ते खारट पाण्याने भरतात आणि सांडले तर खालचा लोखंडी कप्पा गंजवतात. रिकामे करणारा माणूस नसेल तर ते ठेवूच नयेत.

लाकडी कपाटे आणि पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढावेत, पायांखाली चपटे दगड किंवा विटा द्याव्यात, कपाटांची दारे आणि खण अर्धवट उघडे ठेवावेत. खोल्यांमधली आतली सगळी दारे उघडी राहू द्यावीत आणि वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना दगड लावावा. वरच्या झरोक्यांना बारीक तारेची जाळी बसवावी, पण ते बंद करू नयेत. कोयता, विळी, पावशी, फावडे यांना खोबरेल तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळावे. भिंतीवरचे घड्याळ, रिमोट आणि बॅटऱ्या यांतले सेल काढून घ्यावेत. सातबाऱ्याचे उतारे, जुनी खते, फोटोंचे अल्बम आणि पुस्तके घरात ठेवूच नयेत. ती शहरातल्या घरी न्यावीत.

स्वयंपाकघरात खाण्याचा कणही उरता कामा नये. तांदूळ, कडधान्ये, गूळ, मसाले, आमसुले जे काही उरले असेल ते सोबत न्यावे किंवा शेजारी द्यावे. मीठ विसरले तर ते पाझरून डब्याखालची फळी आणि खिळे खाऊन टाकते. उंदरांसाठी विष पेरून जाणे टाळावे, कारण विष खाल्लेला उंदीर माळ्यावर किंवा कपाटामागे मरतो आणि पुढचे दोन महिने त्याचा वास घरात मुरत राहतो. त्याऐवजी दारांखालच्या फटींना पत्र्याची पट्टी ठोकावी आणि भिंतीतली बिळे सिमेंट व काचेच्या तुकड्यांनी बुजवावीत. देवांची व्यवस्था आपल्या घराच्या रीतीप्रमाणे भावकीत किंवा शेजारी आधीच ठरवून ठेवावी.

वीज, पाणी आणि गॅस

फ्रिज दोन दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्यावा, आतून साबणाच्या पाण्याने आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसावा, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करावा आणि दारात लाकडाचा तुकडा अडकवून ते दोन बोटे उघडे ठेवावे. विजा कडाडल्यावर तारांतून येणारा जास्तीचा दाब मुख्य स्विच बंद असला तरी काही वेळा उपकरणांपर्यंत पोचतो, म्हणून प्रत्येक प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. टीव्हीची डिशची तारही सोडवावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी भरून ती पूर्ण चार्ज करावी आणि एक तार सोडवून ठेवावी. तरीही ती हळूहळू उतरतेच, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांत एकदा पुन्हा चार्ज करणे आवश्यक असते. वापर शून्य असला तरी वीजबिलात स्थिर आकार येतोच. बिल थकल्यामुळे ऐन गणपतीत जोडणी तोडलेली सापडू नये म्हणून ते ऑनलाइन भरत राहावे.

गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून वर टोपी बसवावी आणि सिलिंडर हवेशीर जागी उभा ठेवावा. नळाची मुख्य कॉक बंद करून घरातले सगळे नळ एकदा उघडावेत, म्हणजे पाइपांत पाणी राहत नाही. प्लास्टिकची टाकी पूर्ण रिकामी ठेवली तर वादळात ती उडण्याची भीती असते. तिच्यात तळाशी थोडे पाणी राहू द्यावे, झाकण दोरीने घट्ट बांधावे आणि डास शिरतील अशी फट ठेवू नये. अंगणातल्या बादल्या, टायर, करवंट्या उलट्या कराव्यात. संडासाच्या आणि न्हाणीच्या सापळ्यातले (पाणी साचून राहणाऱ्या नळीच्या वळणातले) पाणी आटले की तिथून झुरळे व दुर्गंधी वर येते. त्यात पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडले तर बाष्पीभवन मंदावते. जांभ्यातल्या विहिरी जुलैत काठापर्यंत भरतात. आत उतरवलेला मोनोब्लॉक पंप वर काढून पडवीत ठेवावा.

पावसाळ्यात घर उघडणारा माणूस

किल्ली शेजारी ‘असू द्या’ म्हणून ठेवणे ही व्यवस्था नव्हे. भावकीतले काका असोत किंवा वाडीतले कोणी, त्यांना ठरलेला मोबदला द्यावा आणि नेमके काय करायचे ते कागदावर लिहून द्यावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि प्रत्येक वादळी वाऱ्यानंतर त्यांनी माळ्यावर बॅटरी मारून ओल पाहावी, तिचा फोटो पाठवावा आणि गळती असेल तर कौल बदलून घ्यावे. पंधरवड्यातून एकदा, शक्यतो उघडीप असेल त्या दिवशी, अकरा ते तीनच्या दरम्यान दारे-खिडक्या उघडाव्यात, मुख्य स्विच चालू करून पंखे फिरवावेत आणि भिंती, खांब व चौकटी यांवर वाळवीची माती आहे का ते पाहावे. सर पडत असताना किंवा संध्याकाळी घर उघडून काही मिळत नाही.

चूल शाबूत असेल तर त्याच दिवशी ती दोन-तीन तास पेटवावी. ती पूर्ण विझेपर्यंत त्यांनी घरातच थांबले पाहिजे, ही अट आधीच सांगावी. जाताना मुख्य स्विच बंद केला का, झरोके उघडे आहेत का आणि पन्हळ तुंबलेली नाही ना, एवढे पाहून कुलूप लावावे. कुलपात ग्रीस भरून वर रबराचा तुकडा टांगला तर ते गंजत नाही. घर बंद असल्याचे पोलीस पाटलांना कळवून ठेवावे. सोने किंवा रोकड ठेवण्याचा प्रश्नच नाही.

स्लॅबचे घर किंवा फ्लॅट असेल तर

स्लॅबवर पाण्याचा निचरा होणाऱ्या तोंडांवर जाळ्या बसवाव्यात, तडे मेमध्येच भरावेत आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेचा कोपरा नीट पाहावा, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. फ्लॅट चांगला बंद होतो, म्हणून तिथे डिह्युमिडिफायरला (हवेतली ओल काढून घेणाऱ्या विजेच्या यंत्राला) अर्थ आहे. पण त्याच्या पाण्याची नळी थेट न्हाणीत सोडलेली असावी आणि वीज गेल्यावर परत आली की यंत्र आपोआप सुरू होणारे असावे. कौलारू घरात तेच यंत्र सगळ्या गावची हवा वाळवण्याचा प्रयत्न करीत बसेल.

परतल्यावर

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी पोचून सगळे एकदम उघडण्यापेक्षा दोन दिवस आधी, उजेड असताना पोचावे. गमबूट आणि हातमोजे घालूनच आत शिरावे. अंधाऱ्या कोपऱ्यात, पिंपामागे किंवा पायपुसण्याखाली हात घालण्याआधी काठीने आवाज करावा. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, काही वेळ थांबून ओल्या फडक्याने पुसाव्यात. बुरशीही कोरडी झाडली की तिची पूड खोलीभर उडते. लाकडावरची बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून वस्तू उन्हात ठेवावी. ब्लीचिंग पावडर आणि फरशी साफ करण्याचे आम्ल एकाच वेळी वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मुख्य स्विच चालू करण्यापूर्वी बोर्डांवर ओल किंवा मुंग्यांची माती नाही ना ते पाहावे आणि एकेक सर्किट चालू करावे. पंप बसवल्यावर आधी त्याचा पंखा हाताने फिरवून पाहावा. गंजाने जाम झालेला पंप तसाच सुरू केला तर वाइंडिंग जळते. विहिरीचे पाणी पिण्याआधी शुद्ध करणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला २.५ ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर पुरते. ती आधी बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खोलवर सोडून वर-खाली हलवावी आणि त्यानंतर किमान तासभर पाणी उपसू नये. गाळ विहिरीत टाकू नये. भाद्रपदात विहीर काठोकाठ असेल तर पाण्याची खोली दोरी सोडून मोजावी आणि पावडरीचे माप त्याप्रमाणे वाढवावे.